छात्राध्यापकांना काय विचारशील?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

दूरशिक्षणातून बी.एड. करणाऱ्या छात्राध्यापकांना, म्हणजे शिक्षक होण्याचं शिक्षण घेणाऱ्यांना, आभासी (ऑनलाइन) वर्ग कसे वाटतात, यावर लघुशोधप्रबंधासाठी केलेली तुझी प्रश्नावली वाचली. मेहनत दिसते. पण 'आभासी वर्ग उपयुक्त वाटतात' अशा विधानापुढे 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' एवढंच ठेवलंस, तर बहुतेकजणी 'सहमत'वर खूण करून मोकळ्या होतील. आपल्याच व्यवसायातली मुलगी विचारतेय म्हटल्यावर कोण मन मोडणार?

आधी ही माणसं कोण, ते बघ. दूरशिक्षणातलं बी.एड. मुख्यतः सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे. दिवसभर शाळा, मग वह्यांचा गठ्ठा, आणि संध्याकाळी तीच बाई मानखुर्दच्या एका खोलीत, ओट्यावर पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून वर्गाला हजर. शेजारी लेकाचं पाढे म्हणणं, कुकरच्या शिट्ट्या. माइक म्यूट, कॅमेरा बंद. घर चारचौघांना दाखवायचं नसतं गं! आणि आपण अहवालात लिहितो, 'सहभाग अल्प'. हे मला फार खुपतं. म्हणून कुठे बसता, कुणाच्या फोनवर, डेटा संपला तर काय करता, हे मताच्या आधी विचार.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये दूरशिक्षणातल्या आंतरक्रियेचे तीन प्रकार मांडले: विद्यार्थ्याची आशयाशी, शिक्षकाशी आणि इतर विद्यार्थ्यांशी. तुझे सगळे प्रश्न पहिल्या दोहोंवर आहेत. तिसऱ्यावर एकही नाही, आणि छात्राध्यापकांच्या बाबतीत तोच मोलाचा. संपर्क सत्रात, म्हणजे सगळ्या प्रत्यक्ष एकत्र येतात त्या वर्गात, चहाच्या वेळी 'तू अपूर्णांक कसे शिकवतेस?' असं सहज विचारलं जातं. पडद्यावरच्या वर्गात ते कुठे होतं? वर्ग सुटल्यावर व्हॉट्सॲपवर होत असेल, तर तेही तुझ्या अभ्यासात यायला हवं.

शिवाय या बायका शिकतात आणि शिकवतातही. तेव्हा एक प्रश्न मोकळा ठेव: अलीकडचा एखादा आभासी वर्ग आठवा, त्यातलं काय तुम्ही स्वतःच्या वर्गात करून पाहिलं? उत्तर 'काहीच नाही' आलं तरी जसंच्या तसं नोंदव. सराव पाठाबद्दलही वेगळं विचार. फळ्यावर लिहिताना मागच्या बाकावरची कुजबुज कशी थांबवायची, हे पडद्यावर किती शिकता येतं, ते त्याच सांगू शकतील.

पूर्वचाचणीसाठी, म्हणजे प्रश्नावली आधी थोड्या जणींवर तपासून बघण्यासाठी, लिंक पाठवू नकोस. चारपाच जणींना शाळा सुटल्यावर गाठ, त्यांना बोलू दे. मग प्रश्न नव्याने मांड आणि मला पाठव, मी लगेच वाचते.

तुझी,
बाई