आई वृद्धाश्रमातल्या कुठल्याच कार्यक्रमाला जात नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की आईला वृद्धाश्रमात येऊन चार महिने झाले, रोज संध्याकाळी तिथे गाणी-खेळ असतात, पण त्या खोलीबाहेर पडत नाहीत आणि कर्मचारी म्हणतात, "त्यांना आवडच नाही." मी अशाच एका संस्थेत नऊ वर्षं काम करते. 'आवड नाही' हे कारण मला फार क्वचित खरं निघालेलं दिसलंय.

आधी साध्या गोष्टी बघा. कानाच्या यंत्राची बॅटरी संपलेली असते आणि आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. यंत्र चालू असलं तरी पाच-सहा जण एकदम बोलायला लागले, वर टीव्ही, की कमी ऐकू येणाऱ्याच्या कानावर नुसता गोंगाट पडतो. गुडघे दुखतात का, तेही विचारा. आणि एक गोष्ट त्या आपणहून सांगणार नाहीत: मधेच लघवीला लागली तर वेळेत पोचेन का, ही धास्ती. आमच्याकडे एक आजी दोन महिने "मला नको" म्हणत होत्या. स्वच्छतागृहाजवळची खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवली, तर तिसऱ्या दिवसापासून यायला लागल्या.

एवढं करूनही मन रमत नसेल तर करमणूक वाढवू नका, काम द्या. १९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावर सांगितलं, रोपटं तुम्ही निवडा, पाणीही तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, पण पाणी परिचारिका घालणार. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त तरतरीत आणि मिसळणारे दिसले. मात्र काम खोटं नको. आजींनी घड्या घातलेले टॉवेल त्यांच्या पाठीमागे विस्कटून पुन्हा पुढे ठेवलेले मी पाहिलेत. त्यांना ते कळतं हो, आणि फार लागतं. आई आयुष्यभर काय करत होत्या, हिशेब, शिवण, शिकवणं, ते कर्मचाऱ्यांना तुम्हीच सांगा. त्यांना ठाऊक नसतं.

व्यायाम मात्र सोडू नका. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरुवात खुर्चीत बसूनही होते, फक्त डॉक्टरांना आधी विचारा.

पहिल्या एक-दोन वेळा तुम्ही स्वतः शेजारी बसा. आणि कर्मचाऱ्यांना एवढं सांगून ठेवा: एखाद्या दिवशी त्या नाही म्हणाल्या तर ओढून नेऊ नका, पण उद्या पुन्हा विचारा.