जपानचं रोजचं जगणं पाहायचं असेल तर शहरं कमी करा

तुमचा बेत दोनदा वाचला. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, १२ दिवस, सोबत सत्तरी ओलांडलेले आईबाबा, दोघंही पक्के शाकाहारी, आणि शहरं ७: टोकियो, हाकोने, कानाझावा, क्योतो, नारा, हिरोशिमा, ओसाका. शेवटी तुम्ही लिहिलंय, "देवळं आणि मनोरे बघूच, पण तिथली माणसं रोज कशी जगतात ते बघायचंय." मी ९ वर्षं टोकियोत राहिले. तुमच्या या शेवटच्या वाक्याला धरूनच लिहिते, कारण तुमचा बाकीचा बेत त्याच्या आड येतोय.

सात शहरं केलीत तर तुम्हाला मुख्यतः स्टेशनं दिसतील. माझं ऐकाल तर टोकियोत ५ रात्री, क्योतोत ४, कोयासान या मठांच्या डोंगरावर १ आणि शेवटची ओसाकाला. उतरायचं टोकियोला, परतीचं विमान ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून. नारा क्योतोहून तासाभराच्या आत आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत या. हाकोने, कानाझावा, हिरोशिमा पुढच्या खेपेला. असा बेत केलात तर जेआर पासही, म्हणजे जपानी रेल्वेचा ठरावीक दिवसांचा पासही, लागणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० वर गेला. टोकियो ते क्योतो शिनकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन आहे, आणि तुम्हाला ते एकदाच काढायचंय. शहरात फिरायला सुइका हे पैसे भरून वापरायचं रेल्वे-बसचं कार्ड पुरतं.

टोकियोत शिंजुकु-शिबुयाला राहू नका. आसाकुसा, उएनो किंवा यानाका या जुन्या बाजूला खोली घ्या. १९२३ चा भूकंप आणि १९४५ ची बॉम्बफेक या दोन्हींतून यानाकाचा बराच भाग वाचला, त्यामुळे अरुंद गल्ल्या, दारापुढच्या कुंड्या, छोटी दुकानं अजून आहेत. तिथे यादी हातात घेऊन हिंडू नका. एकाच गल्लीतून सकाळी आणि संध्याकाळी जा. तिसऱ्या दिवशी टोफूवाला तुम्हाला ओळखू लागतो.

आईबाबांना लवकर उठायची सवय असेलच. साडेसहाच्या आधी जवळच्या बागेत घेऊन जा. बरोब्बर ६:३० ला एनएचके रेडिओवर पियानो वाजतो आणि जमलेली आजी-आजोबा मंडळी दहा मिनिटं व्यायाम करतात. १९२८ साली सुरू झालेली ही रेडिओ कवायत, 'राजिओ ताइसो'. नाव नोंदवायचं नाही, पैसे नाहीत. मागच्या रांगेत उभं राहायचं आणि पुढच्यांचं बघून हात हलवायचे. संपलं की सगळे एकमेकांना वाकून नमस्कार करतात आणि घरी जातात. माझी आई आली होती तेव्हा चौथ्या दिवशी तिच्या शेजारच्या आजी तिच्यासाठी पिशवीतून दोन संत्री घेऊन आल्या होत्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

संध्याकाळी सेन्तोला जा. सेन्तो म्हणजे गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर. टोकियोत त्याचा दर सगळीकडे सारखा असतो, २०२४ च्या ऑगस्टात तो ५५० येन झाला. बहुतेक सेन्तो दुपारी तीन-चारला उघडतात. बायकांचं आणि पुरुषांचं दार वेगळं, आत मात्र पूर्ण विवस्त्र जावं लागतं, पोहण्याचा पोशाख चालत नाही. आपल्या घरांतून आलेल्या बाईला हे जड जातं, मलाही गेलं. पण आत कोणी कोणाकडे बघत नाही. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, स्टूल धुऊन ठेवायचं, केस बांधायचे, आणि मगच हौदात उतरायचं. हौदातलं पाणी सगळ्यांचं असतं, म्हणून अंग धुऊनच उतरतात.

पहिल्यांदा गेले तेव्हा माझा छोटा टॉवेल हौदात तरंगत होता. शेजारच्या आजींनी तो अलगद उचलला, हौदाबाहेर पिळला, चौकोनी घडी घातली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. मग स्वतःच्या डोक्यावरच्या तशाच घडीकडे बोट दाखवून हसल्या. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही हे मला असं कळलं, शब्दही न बोलता. जपानी शेजार कसा असतो असं कोणी विचारलं की मला त्या आजी आठवतात. एक काळजी घ्या: पाणी बहुतेक ठिकाणी ४० अंशांच्या वर असतं. बाबांना रक्तदाब असेल तर तीन-चार मिनिटं पुरे, आणि बाहेर येताना सावकाश.

आता जेवण, कारण तुमच्या सहलीत खरी अडचण तिथेच येणार आहे. "शाकाहारी" म्हटलं की तिथला माणूस मांस काढून टाकतो आणि मनापासून केलेला उदोन, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवया, पुढे ठेवतो. त्याचा रस्सा माशाचा असतो. कात्सुओबुशी म्हणजे धुरी देऊन लाकडासारखा कडक वाळवलेला मासा. त्याचे पापुद्रे पाण्यात घालून 'दाशी' काढतात. मिसो सूप, सोबा शेवयांचं पाणी, नुसती उकडलेली दिसणारी भाजी, अंड्याची गुंडाळी, सगळ्यांत ती असते. फसवायचा हेतू नसतो, दाशी त्यांच्या लेखी मासा नसून चव आहे. म्हणून हॉटेलच्या काउंटरवर एक चिठ्ठी जपानी लिपीत लिहून घ्या: "निकु तो साकाना वा ताबेमासेन. दाशी मो ताबेमासेन." म्हणजे मांस-मासे खात नाही, दाशीसुद्धा नाही. बऱ्याच ठिकाणी "मग आमच्याकडे काही नाही" असं वाकून सांगतील. तो तुमचा अपमान नाही, ते खरं सांगताहेत. घासाघीस करू नका, "हे काढून ते घाला" म्हणू नका. तशी पद्धत तिथे नाही.

कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानांत, साध्या मिठाच्या भाताची ओनिगिरी, म्हणजे भाताचा वळलेला गोळा, मिळते. पाकिटामागचा मजकूर फोनच्या कॅमेऱ्याने वाचून घ्या. घरची चव हवीच झाली तर टोकियो मेट्रोच्या तोझाई मार्गावरचं निशिकासाई स्टेशन गाठा. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, मराठी घरंही बरीच, वाणसामानापासून जेवणापर्यंत सगळं मिळतं.

आणि ज्या देशात आईबाबांना रोज चौकशी करून जेवावं लागेल, तिथेच त्यांना काहीही न विचारता जेवता येईल अशी जागा कोयासान. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, मग केबल कार, वर बस. ८१६ साली कूकाई या भिक्षूला हा डोंगर मिळाला आणि शिंगोन बौद्ध पंथाचं केंद्र इथे उभं राहिलं. अनेक मठांत यात्रेकरूंची राहायची सोय आहे. जेवण 'शोजिन र्‍योरी': मांस-मासा नाही, कांदा-लसूणही नाही, रस्सा कोम्बु या समुद्री वनस्पतीचा आणि मशरूमचा. तिळाचा टोफू जरूर खा. पहाटे प्रार्थनेला बसता येतं. काही मठांत अग्नीत समिधा अर्पण करतात, त्या विधीला 'गोमा' म्हणतात. आपला होमच तो, शब्दासकट.

ओकुनोइनच्या दफनभूमीतून उंच सुगी झाडांखालची सुमारे दोन किलोमीटरची वाट आहे. टोकाशी कूकाई ८३५ पासून ध्यानात बसलेले आहेत अशी श्रद्धा आहे, आणि त्यांच्यासाठी आजही रोज सकाळी ६ आणि १०:३० ला जेवण नेतात. आळंदीला जाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ साली बसवलेला. तिथे पाच मिनिटं नक्की थांबा.

गणपतीही भेटेल. आसाकुसाच्या सेन्सोजी देवळापासून चालत दहा मिनिटांवर मात्सुचियामा शोदेन हे कांगितेनचं देऊळ आहे. कांगितेन म्हणजे जपानात गेलेला आपला गणेश. मूर्ती दर्शनाला ठेवत नाहीत. दूर्वांऐवजी पांढरा मुळा वाहतात, देवळातच विकत मिळतो. क्योतोत गिओनजवळ कामेया कियोनागा हे १६१७ पासूनचं मिठाईचं दुकान आहे. तिथलं 'कांकिदान' मागा. तिळाच्या तेलात तळलेलं, आत गोड पुरण, वर कळ्या. आई बघताक्षणी मोदक म्हणेल.

बाकी थोडक्यात. गाडीत फोनवर बोलू नका. टिप देऊ नका, पैसे हातात न देता ट्रेमध्ये ठेवा. रस्त्यात कचराकुंडी शोधून सापडणार नाही, पिशवी जवळ बाळगा. गिओनमध्ये मायकोच्या, म्हणजे शिकाऊ गेइशाच्या, मागे कॅमेरा घेऊन धावू नका. तिथल्या खाजगी गल्ल्यांत शिरल्यास १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत. मोठ्या बॅगा क्योतोहून थेट ओसाकाच्या हॉटेलवर 'ताक्क्यूबिन' या सामान पोचवणाऱ्या सेवेने पाठवा, दुसऱ्या दिवशी पोचतात. कोयासानला फक्त एक पाठपिशवी न्या. स्टेशनवर लिफ्ट बहुधा एखाद्याच दाराशी असते, तेव्हा बाहेर पडण्याआधी पाटी बघा.

नोव्हेंबरअखेर क्योतोत मेपल रंगतो आणि २३ तारखेला सुट्टी असते, त्यामुळे क्योतोची खोली आणि कोयासानचा मठ आजच धरा. मठात रात्री चांगलीच थंडी असेल, आईबाबांना लोकरीचे मोजे द्या. आणि दोघांना नाडी नसलेले, पाय सरकवून घालता येतील असे बूट घ्या, कारण मठात, काही जेवणघरांत, कपडे बदलायच्या खोलीत, दिवसातून आठ-दहा वेळा ते काढावे-घालावे लागतात आणि टेकायला खुर्ची क्वचितच असते.