सतत बचावाच्या पवित्र्यात असणारा सहकारी कौतुकाने बदलतो का?

तुम्ही लिहिलंय की सहकारी कामात हुशार आहे, पण साधी दुरुस्ती सुचवली तरी "मला तसंच सांगितलं होतं" म्हणत वाद घालतो, त्यामुळे सगळे त्याला टाळायला लागलेत. फरक पडतो, हे मी पाहिलंय. मात्र कौतुक कशाचं आणि कधी करता, यावर बरंच अवलंबून आहे.

माझ्या आधीच्या टीममध्ये एक बाई होत्या. कुणी टेबलाकडे येताना दिसलं की समोरचा तोंड उघडायच्या आत त्या जुने ईमेल उघडून ठेवायच्या, पुरावा म्हणून! एकदा एक नवीन मुलगा त्यांना म्हणाला, "मॅडम, तुमच्या शीटमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला ते लिहिलेलं असतं. तुम्ही रजेवर होतात तेव्हा मला कुणालाच विचारावं लागलं नाही." एवढं बोलून तो गेला. पुढे 'पण' नाही, काही काम नाही. बाई जरा गोंधळल्याच. लगेच काही बदललं नाही. पण आणखी दोघातिघांकडून असं काहीबाही कानावर पडत गेलं आणि काही महिन्यांनी त्या स्वतःहून "यात काही राहिलंय का बघ रे" म्हणायला लागल्या. साहेबांपुढे मात्र ईमेल उघडणं सुटलं नाही ते नाहीच.

मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये यामागचं कारण मांडलंय. आपण लायक आहोत ही स्वतःची प्रतिमा माणूस जपत असतो. तिला दुसरीकडून आधार असेल, तर प्रत्येक टीकेशी झुंजत बसावं लागत नाही.

दुरुस्ती सांगायच्या आधी तोंडदेखलं कौतुक मात्र करू नका. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा "छान झालंय" ऐकताच माणूस सावध होतो. "तू किती हुशार आहेस" हेही टाळा. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम उलट खालावलं होतं. लक्ष कामावरून स्वतःकडे वळलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. मग तो अभिप्राय गोड का असेना. म्हणून त्या मुलासारखं नेमकं कामाबद्दल बोला, आणि दुरुस्ती वेगळ्या वेळी, चारचौघांत नाही, सरळ सांगा.

एक मात्र तपासून बघा. तुमच्याकडे चूक झाली की खापर फोडायला माणूस शोधतात का? तसं असेल तर त्याचं वागणं मला तरी शहाणपणाचंच वाटेल. तिथे नुसत्या गोड बोलण्याने भागणार नाही. मीटिंगमध्ये त्याच्यावर विनाकारण ढकललं जात असेल तेव्हा "हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं" एवढं तरी तुम्ही बोलायला हवं.