डाळ शिजेना आणि दारात फिल्टरवाला

प्रश्न : माझं माहेर देवगडजवळचं. लग्न होऊन लातूरला आले त्याला दोन वर्षं झाली. इथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, मधले दिवस सोसायटीचं बोअर. या पाण्यात तूरडाळ सहा शिट्ट्या झाल्या तरी मोडत नाही, साबणाला फेस येत नाही, केस चिकट होऊन गळतात. गिझरची कॉइल दोनदा बदलली. शेजारच्या काकू म्हणतात, या पाण्याने मुतखडा होतो. परवा एक फिल्टरवाला आला. त्याने आमच्या पाण्यात सळयांचं यंत्र बुडवलं, तर दोन मिनिटांत पाणी चहासारखं झालं आणि वर गाळ तरंगायला लागला. त्याच्या मशीनचं पाणी मात्र तसंच नितळ राहिलं. तेव्हापासून सासूबाई घाबरल्यात. अख्ख्या घराला मशीन बसवा म्हणतात. काय करू?
— एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : आधी त्या फिल्टरवाल्याचा निकाल लावू. तो माझ्याकडेही येऊन गेलाय. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या दारात तो यावा हे त्याचं दुर्दैव. त्याने दोन पेले मांडले, एकात आमचं बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याचं आरओचं. दोन्हींत सळया सोडल्या, बटण दाबलं. आमचा पेला तपकिरी झाला. मी म्हटलं, थांबा जरा. आत जाऊन चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या नितळ पेल्यात टाकलं आणि म्हटलं, आता परत दाबा. तोही पेला तपकिरी! बिचाऱ्याने चहासुद्धा घेतला नाही.

त्याचं गुपित साधं आहे. त्या सळयांत लोखंड असतं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, म्हणून वीजही वाहत नाही आणि गंजही होत नाही. तुम्ही पाहिलेला गाळ तुमच्या पाण्यातला नव्हता, त्याच्या सळयांचा होता. सासूबाईंना मिठाचा प्रयोग सांगा.

आता तुमचं पाणी. ते जड आहे यात शंका नाही. शाळेत आपण त्याला दुष्फेन म्हणायचो. आपल्याकडचा खडक काळा, बेसाल्टचा. त्यात मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊनच बोअरमधून वर येतं. तुमच्या माहेरी जांभा, त्याच्या विहिरीचं पाणी हलकं. तिथे साबणाची वडी नुसती फिरवली तरी फेसाचा डोंगर होतो. इथे तोच साबण आधी कॅल्शियमशी भांडतो आणि त्याचा चिकट साका होऊन केसांवर बसतो. म्हणून केसांना साबण लावू नका, शांपू लावा आणि शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या. त्यानंतरही केस गळत राहिले तर पाण्याला दोष न देता डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन तपासून घ्या.

नळाचं पाणी म्हणतोय, कारण मांजरा धरणाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत बराच फरक असतो. खात्री करायची तर एकसारख्या दोन बाटल्या अर्ध्या भरा, एक नळाच्या आणि एक बोअरच्या पाण्याने. दोन्हींत अंगाच्या साबणाच्या पाण्याचे दहा-दहा थेंब टाका आणि जोरात हलवा. भांड्यांचं लिक्विड नको, ते दोन्हींत फेसतं. जिथे फेस टिकेल ते पाणी हलकं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, तेव्हा आमच्या गल्लीत दर टँकर वेगळ्या बोअरचा असायचा. बादलीच्या काठावर किती पांढरं धरलं यावरून आमची ही टँकर ओळखायची!

डाळीबद्दल एक विचारतो, रागावू नका. आमसूल कधी टाकता? डाळीसोबतच कुकरमध्ये टाकत असाल तर अर्धा दोष त्याचा. आंबटाने डाळ शिजायला वेळ लागतो. आमसूल असो की चिंच, डाळ घोटल्यावर टाका. डाळ जुनी असली तरीही ती अडून बसते. बाकीचा दोष पाण्याचा, त्यातलं कॅल्शियम डाळीचं साल आणि गर घट्ट धरून ठेवतं. म्हणून नळ आला की एक हंडा फक्त डाळ-भात-चहासाठी भरून ठेवा. तो संपला तर बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, थंड होऊ द्या आणि तळाचा पांढरा साका सोडून वरचं निथळून घ्या. सगळा जडपणा जात नाही, पण डाळीपुरतं काम होतं. चिमूटभर सोड्यानेही डाळ मऊ होते, मात्र तिच्यातलं बी जीवनसत्त्व त्यात जातं. रोज नको.

गिझरमध्ये बोअरचं पाणी जाऊच नये अशी जोडणी प्लंबरकडून करून घेता आली तर उत्तम. नाही जमलं तर तापमान ५०-५५ च्या वर ठेवू नका. पाणी जितकं तापेल तितका थर लवकर बसतो. वर्षातून एकदा टाकी उघडून थर काढून घ्या. नळाच्या जाळीला रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी तीच तुम्हाला ओळखू येणार नाही.

मुतखड्याची भीती काकूंनाच परत करा. जड पाण्याने खडा होतो असं सिद्ध झालेलं नाही. लातूरच्या उन्हात पाणी कमी प्यायल्याने मात्र होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. तुमचा आकडा किती, हे फिल्टरवाल्याच्या टीडीएस मीटरवर कळत नाही. ते मीठ, कॅल्शियम सगळं एकत्र मोजतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या आणि जडपणासोबत नायट्रेट आणि फ्लोराइडही तपासा म्हणून सांगा. खरी काळजी त्या दोघांची.

अख्ख्या घराला आरओ नकोच. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं. लातूरने हे करावं?

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी खारं आणि जड आहे. रात्री तुरटी फिरवून ठेवते, तरी सकाळी चव तीच. तुरटी कमी पडते का?
— एक वाचक, अकोला जिल्हा

उत्तर : तुरटीने गढूळपणा खाली बसतो. विरघळलेले क्षार तिला दाद देत नाहीत, कितीही फिरवा. तुमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येत असेल तर तिथे जडपणासोबत मीठही आहे. दुकानदार सॉफ्टनर सुचवेल, पण तो कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम घालतो. घरात कुणाला रक्तदाब असेल तर ते पाणी प्यायला देऊ नका. पिण्यापुरता आरओ तुमच्याकडे मात्र योग्य. त्याचं टाकाऊ पाणी फरशीला वापरा. तुळशीला घालू नका, पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपतील.