आजी बरी झाली की दिवाळी?

तुळशीची लग्नं लागायला लागली की समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न दरवर्षी येतो. "आमची दिवाळी राहिली. आता करायची तर कशी, आणि मुलांना काय सांगायचं?" कुणाच्या घरी ऐन वसुबारसेला डेंग्यू निघालेला असतो, कुणाकडे सुतक, कुणाच्या नवऱ्याची रजा नामंजूर झालेली. मुलांची गिफ्ट्स कपाटात तशीच पडलेली असतात आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर "बघू, ठरवू" चालू असतं. अशा अनेक घरांच्या वतीने एका घराबद्दल लिहिते. ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

घर ठाण्यातल्या कोलशेतचं. नवराबायको, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी सासूबाई बाथरूमच्या उंबऱ्याशी घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. लक्ष्मीपूजन हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये डबे पोचवण्यात गेलं.

सूनबाई आल्या त्या गिफ्ट्सचा विषय घेऊन. "नणंदेच्या आणि जावेच्या मुलांना भाऊबीजेला सगळं मिळालं. माझी दोघं तशीच राहिली. आता उशीर झालाय तर जरा मोठं काही घेऊ का? मुलगा रोज विचारतो, आपली दिवाळी कधी?"

"तुम्ही काय सांगता?"

"काय सांगणार? आजी बरी झाली की."

"मग तो काय करतो?"

"आजीकडे जातो." त्या हसल्या. "रोज शाळेतून आला की विचारतो, आजी, आज झालीस का बरी?"

"आणि आजी काय म्हणतात?"

हसू थांबलं. "म्हणतात, झालेच रे बाळा. परवा तर वॉकर सोडून दोन पावलं टाकली त्यांनी. फिजिओथेरपिस्ट रागावली. दुखतंय का विचारलं तर हल्ली नाही म्हणतात, पण रात्री कण्हताना ऐकू येतात."

गिफ्ट्सबद्दलची त्यांची तगमग खरी होती, पण गाठ या ठिकाणी होती. "आजी बरी झाली की" हे घराघरात सहज तोंडून जाणारं वाक्य आहे. ते ऐकणारं मूल सरळ हिशेब करतं: दिवाळी आजीच्या पायावर अडली आहे. मग ते आजीकडे तगादा लावतं आणि म्हातारं माणूस नातवासाठी दुखणं लपवायला लागतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर सहसा दीड ते तीन महिने लागतो, कधी जास्तही. डॉक्टरांनाही नेमका दिवस सांगता येत नाही, आणि आपण मात्र सणाची तारीख त्याच्यावर टांगून ठेवतो. कुणाचाही वाईट हेतू नसताना घरातली दोन सगळ्यांत हळवी माणसं एकमेकांना कातरत राहतात.

सूनबाईंना हे पटलं, पण त्यांची अडचण वेगळी होती. "अहो, पण सासूबाई पाटावर बसून भावाला ओवाळतात, ते दरवर्षीचं आहे. त्याच्याशिवाय दिवाळी कशी करू?" मी त्यांना एका कागदावर त्यांच्या मनातली दिवाळी एका वाक्यात लिहायला सांगितली. त्यांनी लिहिलं: "आई चालायला लागल्यावरच, सगळे असतानाच, नेहमीसारखीच दिवाळी व्हायलाच हवी."

"यातले सगळे 'च' खोडा आणि पुन्हा वाचा."

चार 'च' खोडले गेले. त्यांनी मोठ्याने वाचलं. मग मनातल्या मनात एकदा. "ही तर नुसती इच्छा झाली," त्या म्हणाल्या.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विचारपद्धतीवर माझं काम उभं आहे. इच्छा तीव्र असायला हरकत नाही, तिची हट्टाची मागणी झाली की माणूस अडकतो, हे त्यांचं सांगणं. मराठीत ती मागणी एका अक्षरात बसते. इतक्या वर्षांच्या कामात या एका अक्षराने जितकी दारं उघडली तितकी मोठमोठ्या तक्त्यांनी उघडली नाहीत. इच्छा मोकळी झाली की तिला तारीख देता येते, कारण मग थोडं कमीजास्त चालतं. अट पूर्ण होईपर्यंत मात्र नुसती वाट बघावी लागते.

म्हणून पहिलं काम: मुलांना अट सांगू नका, तारीख सांगा. आणि ती ठरवताना जे आजारी आहे त्याला विचारा. सूनबाईंनी घरी जाऊन विचारलं तेव्हा सासूबाई, मूळच्या रत्नागिरीकडच्या, पडल्यापडल्या म्हणाल्या, "अगं, देवदिवाळी आहे ना अजून." मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, पाडव्यानंतर बरोबर एका चांद्रमासाने. महिनाभर ज्यांच्यामुळे सण अडलाय असं घर समजत होतं, त्यांनीच तो सोडवला. देवदिवाळीच्या जवळचा रविवार ठरला. तुमच्याकडे देवदिवाळी नसेल तर अनेक घरांत भाऊबीज तुळशीच्या लग्नापर्यंत, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालवून घेतात. सुतक असेल तर घरच्या मोठ्यांना विचारून मुलांचा भाग तेवढा वेगळा काढा.

तारीख मुलाला त्याच्या वयाच्या मापात द्यायला हवी. पाच वर्षांखालच्या मुलाला "अजून तीन आठवडे" म्हणजे काहीच कळत नाही. त्याला सात दिवस उरल्यावर सांगा आणि रात्री मोजा: "अजून सात झोपा." आठ वर्षांच्या मुलाला भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतः गोल करू द्या. तेरा वर्षांच्या मुलीला काम द्या, नुसती माहिती नको. या घरात पाहुण्यांची यादी आणि वेळापत्रक तिच्याकडे होतं. रविवार आहे, तर मध्य रेल्वेच्या ट्रान्सहार्बर मार्गावरचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघायचा हे तिनेच लक्षात आणून दिलं, कारण आजीचे भाऊ नेरुळहून लोकलने येणार होते. तारीखही हुकू शकते, म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा की काहीही झालं तरी त्या दिवशी कंदील लागेल, ओवाळणं होईल आणि गिफ्ट मिळेल. पाहुणे आणि जेवण पुढे ढकलता येतं.

आता गिफ्ट्स. मोठं घेऊ का, या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. आजी पडली म्हणून सायकल आली, असा हिशेब मुलाच्या डोक्यात बसू देऊ नये. सायकल घ्यायचीच असेल तर वाढदिवसाला घ्या. जे भाऊबीजेला मिळणार होतं तेवढंच द्या.

महिनाभर कपाटात पडलेल्या गिफ्टच्या अडचणी मात्र वेगळ्या असतात. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूची परत करायची मुदत बहुधा संपलेली असते. म्हणून कागद चढवण्याआधी खोका उघडून वस्तू चालवून बघा. सेल आत घालून ठेवले असतील तर काढा, गळू शकतात. सेल सोबत येतच नाहीत अशीही खेळणी पुष्कळ असतात, तेव्हा कोणत्या मापाचे लागतात ते बघून आणून ठेवा. झाकणाला बारीक स्क्रू असतो, त्याला लागणारा छोटा पेचकस हाताशी हवा, नाहीतर पोर रडेपर्यंत सुऱ्यांनी खटपट चालते. कपडे असतील तर आठवडाभर आधी अंगाला लावून बघा.

दुसरी अडचण तुलनेची. इथे घरात सहा मुलं जमणार होती, त्यातल्या चौघांना सगळं आधीच मिळालेलं. दोघं खोके फोडतायत आणि चौघं बघतायत, इथेच दर वेळी रडारड होते. तोडगा साधा होता: घरच्या दोघांनी आपली गिफ्ट्स सकाळी अभ्यंगस्नानानंतर, पाहुणे येण्याआधी उघडली. सगळे जमल्यावर सहाजणांत मिळून एकच, कॅरम. नणंद आणि जाऊ यांनी चारचारशे रुपये काढले. पावडर आणि स्ट्रायकर सोबत आहे का ते दुकानातच बघितलेलं बरं. पाकिटातून पैसे देणारे काकामामा असतील तर आकडा मोठ्यांनी आधी ठरवावा आणि पाकीट आईच्या हातात द्यावं, मुलांसमोर उघडू नये.

नातेवाइकांना दोन दिवस आधी एक निरोप हवाच. या घराने पाठवलेला मला आवडला: "रविवारी आमची दिवाळी आहे. साडेदहाला या, दीडला जेवण, दोनला आईंची विश्रांती. मुलांसमोर 'शिळी दिवाळी' किंवा 'पडल्या नसत्या तर' असं काही नको." शेवटचं वाक्य लिहायला सूनबाई कचरत होत्या. पण गमतीत म्हटलेली 'शिळी' मुलाला लागते, आणि 'पडल्या नसत्या तर' आजीला. एक गोष्ट मीही सुचवली होती: फराळ घरी करण्याचा हट्ट नको. सून महिनाभर हॉस्पिटल आणि घर करून थकलेली आहे. चिवडा आणि शेव विकत आणा; दिवाळीच्या आधी केलेल्या चकल्या मऊ पडल्या असतील पण वास नसेल तर मंद ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवा, कुरकुरीत होतात. ओल्या नारळाचं जुनं काहीही वाढू नका.

मुलाचा किल्ला गॅलरीत तसाच उभा होता. लाल माती भेगाळलेली, अळीव वाळून पिवळं झालेलं, एक मावळा आडवा. त्याला तो मोडायचा नव्हता आणि तसा दाखवायचाही नव्हता. मंगळवारी संध्याकाळी त्याने माती भिजवून भेगा लिंपल्या आणि अळीव पुन्हा पेरलं, कारण रविवारी हिरवं दिसायला चारपाच दिवस लागतात. वॉकर घेऊन आजी गॅलरीच्या दारापर्यंत आल्या, तेवढंच अंतर फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं होतं. त्या म्हणाल्या, "आज दुखतंय रे. बसते मी, तू पेर." तो "बरं" म्हणाला आणि पेरत राहिला. सूनबाईंनी हा प्रसंग सांगितला तेव्हा डोळे पुसले. आजीने त्याच्यासमोर दुखतंय म्हणायची महिन्यातली ती पहिली वेळ होती.

ओवाळणीची तयारी खास करावी लागली. आजींना खाली बसायला, पाय दुमडायला आणि पुढे वाकायला मनाई होती. म्हणून हातांची, उंच बैठकीची खुर्ची आजीला आणि समोर भावाला बुटकं स्टूल. तो खालच्या पातळीवर असला की कपाळाला कुंकू लावायला वाकावं लागत नाही. तबक जड पितळी न घेता हलकं स्टीलचं, त्यात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. निरांजनात तूप अर्धंच, म्हणजे हात हलला तरी सांडत नाही. नात शेजारी उभी राहून तबकाची एक कड धरून होती. ऐंशीचे भाऊ स्टुलावर बसले आणि बहिणीच्या हाताकडे मान पुढे करून थांबले. पाट नव्हता, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. जेवणं झाल्यावर दोनला आजींच्या खोलीचं दार बंद झालं आणि बाहेर कॅरमचा डाव रंगला.

पुण्याच्या काकांचं पार्सल रविवारपर्यंत आलं नव्हतं. त्याबद्दल सूनबाईंनी आदल्या दिवशी मला फोन करून विचारलं होतं. माझं उत्तर होतं: उशिरा आलेलं गिफ्ट लपवून पुढच्या सणाला देऊ नका. आलं त्या दिवशी देणाऱ्याला व्हिडिओ कॉल लावा आणि त्याच्यासमोर उघडा. ते गुरुवारी आलं. मुलगा फोन घेऊन आजीच्या पलंगावर चढला, ऑपरेशनच्या दुसऱ्या बाजूने, आणि दोघांनी मिळून चिकटपट्टी सोलली.