अध्यापन + शांतता अभ्यास: सोलापूरहून दुहेरी मास्टर्सला यावं का?

ताई म्हणालीस, म्हणून सरळ 'तू' म्हणते. तुझा प्रश्न थोडक्यात असा: बी.एड. झालंय, सोलापुरात तीन वर्षं सातवी-आठवीला इतिहास शिकवतेस, आता अमेरिकेत अध्यापन आणि शांतता अभ्यास अशी दुहेरी मास्टर्स करायचीय, बाबा घर तारण ठेवायला तयार आहेत. करू का?

मी हीच जोडी केली, तीही घर तारण ठेवूनच. तरी सांगते, जरा थांब.

काही विषय दोन्हीकडे धरतात म्हणून वर्ष-सहा महिने वाचतात, एवढाच दुहेरीचा फायदा. पण यातली अध्यापनाची पदवी म्हणजे मुळात इथल्या सरकारी शाळेत शिकवायच्या लायसन्सची वाट. ते लायसन्स देशाचं नसतं, राज्याचं असतं. बऱ्याच राज्यांत प्रॅक्सिस नावाची शिक्षकांची परीक्षा, मग बोटांचे ठसे, आणि अख्खं सत्र शाळेत सराव पाठ, तेही बिनपगारी. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर त्यासाठी सीपीटी, म्हणजे शिकता शिकता काम करायची परवानगी, घ्यावी लागते. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने भरली की ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची परवानगी, गेलीच समज. ओपीटीही आपल्याला १२च महिने. सायन्स-इंजिनीअरिंगवाल्यांना मिळतात ते वाढीव २४ महिने आपल्या विषयांना नाहीत. त्यात एकूण ९० दिवसांहून जास्त बिनकामाचं राहता येत नाही.

मला एका शाळेने एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, करू म्हणून शब्द दिला आणि ऐन मे महिन्यात हात वर केले. दुसरी नोकरी मिळाली ७१व्या दिवशी. हो, मी दिवस मोजत होते. तोवरचे हप्ते भावाने भरले, आईला पत्ता लागू न देता.

शांतता अभ्यासाबद्दल मात्र एका शब्दानेही तक्रार नाही. पहिल्याच सत्रात योहान गाल्टुंग वाचायला लागला. नॉर्वेचा माणूस, १९५९ साली ओस्लोत शांतता संशोधनाची संस्था काढणारा. मारहाण, युद्ध थांबलं म्हणजे शांतता आली असं नाही, व्यवस्थाच माणसाला खात असेल तर तीही हिंसाच, हे त्याने १९६९ साली मांडलं. वर्गातली मुलं लांबलांबच्या देशांची उदाहरणं देत होती. माझ्या डोळ्यांपुढे आमची शेजारची काकू. मांडीवर सूप, पान कापून हजार विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या, आणि तपासणाऱ्याने खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत. पान कमी पडलं तर पदरचं. तिला कुणी कधी हातही लावला नव्हता. त्या दिवशी वर्गात मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

म्हणून माझं मत: तू बी.एड. आहेसच. अमेरिकेतल्या शाळेतच राहायचं नसेल तर ती अर्धी पदवी तुला कशाला? परत गेलीस तर महाराष्ट्रात टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) विचारतील, इथलं लायसन्स कोण बघतंय! नुसती शांतता अभ्यासाची मास्टर्स कर, आणि त्यासाठी आधी रोटरी पीस फेलोशिपला, म्हणजे रोटरी क्लबवाल्यांच्या शिष्यवृत्तीला, अर्ज टाक. फी, राहणं, प्रवास सगळं त्यात येतं. तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे, फक्त शांततेशी त्याचा संबंध नीट दाखवावा लागेल. अमेरिकाच हवी असंही नाही: इंग्लंडात ब्रॅडफर्ड विद्यापीठाचा शांतता अभ्यास विभाग १९७३पासून चालू आहे, स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठ आहे. फेलोशिपचे अर्ज साधारण १५ मेपर्यंत. बाबा रोटरीचे सभासद नाहीत ना, तेवढं बघ; सभासदांच्या मुलांना चालत नाही.

अर्जातल्या निबंधात गांधीजी नकोत, भारतातून येणारा प्रत्येक जण तेच लिहितो. तू चार पुतळ्यांवरून रोज शाळेत जात असशील. सोलापुरातला १९३०चा मार्शल लॉ, म्हणजे इंग्रजांनी लावलेला लष्करी कायदा, आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. चार नावांतच गावातले किती समाज आले बघ. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू घरांतली पोरं शेजारी बसवून तू हा धडा कसा घेतेस, कोण गप्प बसतं, कोण काय विचारतं, ते लिही. निवडणाऱ्यांना तेच हवं असतं, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाही.

कच्चा मसुदा झाला की पाठव, वाचते. आणि बाबांना सांग, घराची कागदं मेपर्यंत तरी कपाटातच राहू द्या.