चार-चार तास चालणारी बुद्धिबळाची लाइव्ह मॅच लोक बघतात तरी कशी?

तुमचा प्रश्न असा की नियम माहीत आहेत, चाली कळतात, पण ग्रँडमास्टरांची मॅच लाइव्ह लावली की दोन माणसं डोकं धरून बसलेली दिसतात आणि बाजूची पट्टी जराशी वरखाली होते, त्यात बघायचं काय?

पहिलं काम म्हणजे ती पट्टी झाका, मोबाईलवर बघत असाल तर अंगठा ठेवा तिच्यावर. ती पट्टी म्हणजे इंजिनचं, म्हणजे चाली मोजणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामचं मत, +1 म्हणजे पांढरा साधारण एका प्याद्याएवढा पुढे, मायनस आलं की काळा. आता होतं काय, 0.00 दिसलं की आपल्याला वाटतं काही चाललेलंच नाही, पण 0.00 चा अर्थ एवढाच की इथून दोघंही इंजिनसारखं बिनचूक खेळले तर ड्रॉ. माणसं तशी खेळत नाहीत ना. त्याच 0.00 मध्ये एकाला दर चालीला एकुलती एक वाचवणारी चाल शोधावी लागत असते आणि दुसरा निवांत पाणी पीत फिरत असतो, आणि हे पट्टीला दिसत नाही, तुम्हाला दिसतं.

सिंगापूरची जगज्जेतेपदाची मॅचच घ्या, 12 डिसेंबर 2024, काळ्याकडून आपला गुकेश, पांढऱ्याकडून तेव्हाचा जगज्जेता चीनचा डिंग लिरेन, चौदावा म्हणजे शेवटचा क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचा डाव, स्कोअर साडेसहा-साडेसहा. आपल्याकडे दुपारी अडीचला सुरू व्हायचं, म्हणजे ऑफिसात एक टॅब कायम उघडा. संध्याकाळपर्यंत पटावर उरलं काय तर दोघांचा एकेक हत्ती, एकेक उंट, आणि गुकेशची दोन प्यादी डिंगच्या एकाला. पट्टी ड्रॉ सांगत होती, चॅटमध्ये लोक उद्याच्या टायब्रेकच्या गप्पा मारत होते, बरेच जण तर बंद करून गेलेसुद्धा. पण तोच डाव पट्टी न बघता बघितला असता तर वेगळं दिसलं असतं, म्हणजे एक पोरगा ज्याला हरायची काही भीती नाही आणि तो सोडतच नाहीये, आणि समोरचा ज्याला कधी एकदा हे संपतंय असं झालंय. आणि डिंगचा उंट पार कोपऱ्यात, a8 वर. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती f2 वर आणला, हत्ती मारामारी करून टाकू म्हणजे सुटलो अशी चाल. झालं! हत्ती गेले की गुकेशचा उंट d5 वर येतो, डिंगच्या कोपऱ्यातल्या उंटाला पळायला जागा नाही, मग उंटही जातात आणि उरतो राजा-प्याद्यांचा शेवट, तो सरळ काळ्याचा.

इथे मात्र पट्टीचं एक मान्य करायला पाहिजे. ती धाडकन कोसळली आणि जगभरातल्या बघणाऱ्यांना कळलं की डाव संपला, फक्त पटावर बसलेल्या दोघांना कळलेलं नव्हतं. गुकेशने नंतर स्वतःच सांगितलं की त्याच्याही ते लगेच लक्षात आलं नव्हतं, तो हत्ती दुसरीकडे हलवणारच होता. कॅमेरा त्याच्या तोंडावर, आणि एका क्षणी डोळे मोठे होतात. बस, त्या काही सेकंदांसाठी लोक चार-चार तास बसतात, दुसरं काय सांगू. अठ्ठावन्नाव्या चालीला डिंगने डाव सोडला आणि 18 वर्षांचा पोरगा जगज्जेता.

मग पट्टी झाकून करायचं काय? चाल ओळखायची. खेळाडू विचारात गेला की तुम्हीही एक चाल ठरवा, मनातल्या मनात नाही, शेजारी कोणी असेल तर मोठ्याने बोलून, म्हणजे नंतर पलटी मारता येत नाही. दहातल्या दोन जमल्या तरी मजा येते, आणि जी जमली नाही ती का नाही हे कॉमेंटरीवाले सांगतातच. दुसरं म्हणजे घड्याळ, ते पटापेक्षा जास्त बोलतं. सिंगापूरला पहिल्या 40 चालींना दोन तास आणि तोवर चालीमागे एक सेकंदही वाढीव नाही, मग तिसाव्या चालीला कोणाकडे दहाच मिनिटं उरली असतील तर पोझिशन कितीही चांगली असू दे, गडबड होणार हे धरून चाला. सुरुवातीच्या दहा-पंधरा चाली मात्र खुशाल सोडा, त्या घरून पाठ करून आलेल्या असतात, तेवढ्यात स्वयंपाक उरकतो.

क्लासिकल जडच जात असेल तर रॅपिडपासून, म्हणजे कमी वेळाच्या डावांपासून सुरू करा. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखची 2025 ची महिला वर्ल्ड कप फायनल, जॉर्जियातलं बातुमी, समोर कोनेरू हंपी. क्लासिकलचे दोन्ही डाव ड्रॉ, मग 28 जुलैला रॅपिड, पहिला तोही ड्रॉ, आणि दुसऱ्यात दिव्या काळी घेऊन जिंकली. तो डाव युट्यूबवर कॉमेंटरीसकट बघा, शेवटाकडे वेळ संपत आलेला, दोघींच्याही चुका होतायत, आणि नंतर आईच्या गळ्यात पडून रडणारी दिव्या. 19 वर्षांची, आणि एकही ग्रँडमास्टर नॉर्म (म्हणजे किताबासाठी स्पर्धेत करून दाखवावी लागणारी ठरावीक कामगिरी) हातात नसताना त्या एका स्पर्धेतून थेट ग्रँडमास्टर झाली.

कॉमेंटरी मी तरी अशांचीच लावतो जे इंजिन बंद करून स्वतःच्या डोक्याने बोलतात आणि 'मला इथे पांढरा आवडतो' म्हणायला घाबरत नाहीत. नुसती इंजिनची ओळ वाचून दाखवणारे असतील तर आवाज बंद केलेला बरा.

आणि एक, काही स्पर्धांमध्ये चीटिंगच्या भीतीने चाली पंधरा मिनिटं उशिरा दाखवतात, त्यामुळे तुमचं नेट स्लो आहे असं समजून राउटर बंद-चालू करत बसू नका. पटही सेन्सरवाला असतो, डाव संपला की निकाल कळवायला दोन्ही राजे मधल्या घरांत ठेवतात, पांढऱ्या घरांत ठेवले तर पांढरा जिंकला, काळ्या घरांत तर काळा, एक पांढऱ्यात एक काळ्यात तर ड्रॉ. कधीकधी स्क्रीनवर राजा टुणकन मध्ये उडी मारतो ते यामुळेच, आणि चॅटमध्ये दर वेळी कोणीतरी विचारतंच की ही कुठली चाल.